घासलेली चांदी

बंगलोर
१४ ऑगस्ट १९८३

हिलरी,

तुझं कार्ड मिळालं. पत्ता थेरेसाने दिला असणार, आपल्या बहिणीच्या पोटात काही राहत नाही. कार्डावर पुढे मेंढरू आणि मागे तुझं वळणदार अक्षर. "अठ्ठावीस डिसेंबरला माझा दीक्षाविधी आहे. फादर होण्याआधी मन स्वच्छ करावं म्हणून लिहितो. थाळीच्या प्रकरणात मी तुला मनापासून क्षमा केली आहे. तू ये."

मी तीनदा वाचलं. मग मुनियप्पाला वाचून दाखवलं. तो इथला जुना शिपाई, त्याच्या घरी मी जेवतो. त्याला मराठी येत नाही, पण कुणाला तरी दाखवल्याशिवाय मला राहवेना. मी हिंदीत सांगितलं तेव्हा म्हणाला, "अच्छा है ना रे, भाई माफ किया."

हो. फार अच्छा आहे.

पण हिलरी, "थाळीचं प्रकरण" म्हणजे काय? शाळेत बाई सांगायच्या, आधी प्रश्न पूर्ण उतरवून घ्या, मग उत्तर लिहा. मी सातवीत दोनदा बसलो तरी एवढं लक्षात आहे. तू तर पुढे सायन्स कॉलेजात गेलास आणि तिथून सेमिनरीत. तेव्हा पूर्ण लिही. सणाच्या आदल्या दिवशी देवळातली, मिस्साच्या प्रार्थनेत प्रसादाची भाकर ठेवायची चांदीची थाळी गेली. पणजोबांच्या वेळची. पाठीवर आपल्या आळीतल्या सात घरांची नावं कोरलेली. शेवटी ती प्लासिडच्या हातात बघितली होती, प्लासिडच तुळिंजला टवाळ पोरांबरोबर पिक्चरला जातो, म्हणून प्लासिडने घेतली. असं सगळं लिही आणि खाली लिही, क्षमा केली. म्हणजे वाचताना माझ्याही ध्यानात येईल की मी काय केलं.

मी काय करतो ते थेरेसाला कळवलंय, तुलाही सांगतो. घर सोडल्यावर नायगावच्या मिठागरात दोन महिने मीठ ओढलं. पाय फुटले म्हणून केळ्यांच्या ट्रकवर बसून निघालो तो हळूहळू इथवर आलो. इथे एक मोठी संशोधनाची संस्था आहे, तिथे काचेची भांडी धुतो. अजून रोजंदारीवर आहे. साहेब म्हणतात, डिसेंबरात पक्कं करू. म्हणजे डिसेंबरात आपलं दोघांचंही पक्कं होणार.

येईन की नाही माहीत नाही.

प्लासिड

बंगलोर
१८ सप्टेंबर १९८३

हिलरी,

तुझं पत्र पोचलं. त्यात बाबांचा गुडघा आहे, थेरेसाला आलेलं स्थळ आहे, सेमिनरीतलं जेवण आहे. मी विचारलं तेवढंच नाही. वर लिहितोस, "तुझ्या शब्दांत अजून राग दिसतो." चष्मा चांगला लागलाय तुला.

थेरेसा लिहिते की दिनानाथकाका त्यांच्या आणि आपल्या वाडीमधलं बावखल उपसून गाळ काढू म्हणतात, उन्हाळ्यात केळींना पाणी पुरत नाही. तळं सामाईक, खर्चही ते अर्धा करतील. आणि तू म्हणे सेमिनरीतून खास पत्र पाठवून नको म्हणालास. केळीच्या पाण्याशी तुझं काय रे? गाळात काय असतं? मासे, शेवाळ, नारळाच्या करवंट्या.

असो. कामाचं लिहितो, कारण सांगायला मला दुसरं माणूस नाही. मुनियप्पाला त्यात रस नाही, तो म्हणतो, वो सब बड़े लोगों का जादू है.

आमच्या एक सत्यवती मॅडम आहेत, आंध्राकडच्या. डॉक्टरकीची पदवी घेतायत, पण औषध देणारी डॉक्टरकी नाही. त्यांच्या खोलीत काळे पडदे लावून हिरवा उजेड सोडतात, ताणलेल्या दोरीसारखा सरळ. तो ज्या वस्तूवर पडतो तिथून परत फिरताना त्यातला अगदी थोडा उजेड बदलून येतो, आणि प्रत्येक वस्तू तो आपापल्या तऱ्हेने बदलते. यंत्राला एक पेन आहे. ते कागदावर डोंगर काढत जातं. डोंगर बघून मॅडम सांगतात, थेंबात काय आहे. मी एकदा चहाच्या कपातला थेंब दिला तर म्हणाल्या, "प्लासिड, मेरा मशीन होटल नहीं है."

पण बदललेला उजेड इतका कमी असतो की थेंबात माल भरपूर पाहिजे, नाहीतर पेन हलत नाही. आणि इथे चांदी लागते. जखमेवर लावायचं जांभळं औषध असतं ना, त्याचा एक थेंब पाण्याच्या मोठ्या टाकीत टाकायचा. पाणी नितळच दिसतं, तू पिशील, मी पिईन. त्यातला थेंब काचेवर ठेवला तर पेन झोपलेलं. तोच थेंब मॅडमच्या चांदीच्या पत्र्यावर ठेवला की पेन उड्या मारतं. मी डोळ्यांनी बघितलंय. टाकीभर पाण्यात लपवलेला एक थेंब चांदी पकडून देते. विष पकडता येईल, म्हणतात, पिकावर मारलेलं औषध पकडता येईल.

एवढ्या गुणाची चांदी आणि ठेवतात कशी, ते बघितलंस तर हसशील. पत्रा तेजाबात बुडवतात. नाइट्रिक. तुला ठाऊक आहे ते. तपकिरी धूर येतो, आणि पत्रा बाहेर येतो तो पांढुरका, मरगळलेला, हाताला खरखरीत. आठ महिन्यांत असे किती पत्रे झाले, त्यातला एकच लागला. पोस्टकार्डाएवढा आहे, मॅडम त्यातून सुपारीएवढा तुकडा रोज कापून घेतात. पण मळकटच. अशी चांदी घेऊन मी देवळात गेलो असतो तर बाबांनी मला अल्तारावरून खाली ढकललं असतं. आठवतं ना, सणाच्या आदल्या दिवशी आधी रिठ्याचं पाणी, मग खडूची पूड, मग आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. चांदीत स्वतःच्या नाकातले केस दिसेपर्यंत घासायचं. आई गेल्यावरही तोच तुकडा. तुला कधी घासायला बसवलं नाही, तुझा अभ्यास असायचा. देवाघरची चांदी आपल्या घराकडे सांभाळायला दिलीय, ती काळी राहिली तर घराला बट्टा, असं बाबा म्हणायचे. मला शाळेने काही शिकवलं नसेल, पण चांदी घासायला आपल्या पंचक्रोशीत माझ्यासारखा दुसरा नव्हता.

शुक्रवारी दिल्लीहून पाहुणे येणार आहेत, मॅडमचं काम बघायला. सगळी संस्था पुसूनपासून ठेवतायत.

प्लासिड

बंगलोर
२ ऑक्टोबर १९८३

हिलरी,

इथे फार वाईट झालं.

त्या शुक्रवारी पाहुणे आले. चौघं, कोट घातलेले. पडदे ओढले, मॅडमनी अंधुक उजेडातच पत्र्याचा तुकडा कापून ठेवला, थेंब सोडला, हिरवा उजेड लावला. पेन मिठागराच्या बांधासारखं सरळ चाललं. मॅडमनी थेंब बदलला, आरसे हलवले. एक पाहुणा घड्याळ बघायला लागला. मग दिवा लावला तर दिसलं की पत्रा चमकतोय. कुणीतरी घासला होता.

पाहुणे गेल्यावर मॅडम स्टुलावर बसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण कुणाकडेच न बघता बोलल्या. ती खरखर म्हणजे मळ नव्हता. तेजाबाने चांदीवर बारीक बारीक उंचवटे उठतात, केसाच्या जाडीत हजार मावतील एवढे. हिरवा उजेड त्या उंचवट्यांत अडकतो, साठतो, आणि तिथे चिकटलेल्या एका कणाचा आवाज लाखपट होतो. गुळगुळीत चांदीवर यातलं काही होत नाही. "चमका तो मर गया," म्हणाल्या.

हे आधी कुणी सांगायला नको होतं? भांडी धुणाऱ्याला कोण सांगतं.

साहेबांनी चौकशी केली. गुरुवारी संध्याकाळी त्या खोलीचा झाडू-पोछा मुनियप्पाने केला होता. किल्ली त्याच्याकडे. तो म्हणाला, मी हात लावला नाही. साहेब म्हणाले, मग चांदीने स्वतःला घासलं का? चोवीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. पेन्शन पण लटकली. कॅन्टीनमधे पोरं त्याला "पॉलिशवाला" म्हणायला लागली. कुणी घासला ते देवाला ठाऊक.

मी रोज त्याच्याकडेच जेवतो. त्याची बायको नाचणीचे उंडे करते, मला दोन जास्त वाढते. म्हणते, तू तरी याच्या बाजूने साहेबांशी बोल.

तू आता फादर होणार, म्हणून विचारतो. एकाने चूक केली, मुद्दाम नाही, चांगल्यासाठीच केली. पण आळ दुसऱ्यावर आला. पहिल्याने गप्प बसलं तर त्याची नोकरी पक्की होते. त्याने काय करावं? पुस्तकात असेल ते कळव.

प्लासिड

बंगलोर
२३ ऑक्टोबर १९८३

हिलरी,

या वेळी उत्तर लगेच आलं. चार पानं. असे प्रश्न आवडतात तुला. "ज्याच्या हातून घडलं त्याने ताबडतोब पुढे यावं. दुसऱ्याचं नाव जळत असताना शेकत बसणं हे मूळ चुकीहून मोठं पाप आहे. चूक माफ होते, मौन नाही." तुझं वाक्य जसंच्या तसं उतरवलंय.

तर ऐक. पत्रा मी घासला.

गुरुवारी दुपारी मॅडम जेवायला गेल्या होत्या. उद्या पाहुणे येणार आणि वाटीत ती मरगळलेली चांदी. माझ्या हाताला राहवेना. खडू फळ्याशी होता, दात घासायची पूड माझ्याकडे होती, मऊ फडकं होतं. पाऊण तास घासला. चोरून नाही, दार उघडं ठेवून, गुणगुणत. मला वाटलं, मॅडम उद्या बघतील आणि विचारतील, हे कुणी केलं? तसं झालंच. विचारलंच. तेव्हा मी पाठ वळवून भांडी विसळत राहिलो.

काल साहेबांपुढे जाऊन सांगितलं. तुझ्या पुस्तकामुळे नाही. परवा मुनियप्पाच्या बायकोने मला वाढताना त्याच्याच ताटातला उंडा उचलला, आता निम्माच पगार म्हणून घरात मोजून करतात. मी ताट तसंच ठेवून उठलो.

साहेबांनी दोन मिनिटांत मला काढून टाकलं. मॅडमनी मात्र मला बाहेरून परत बोलावलं. वाटलं, थोबाडीत देणार. त्यांनी वही काढली. काय वापरलं? खडू कुठला? किती वेळ? गोल घासलं की उभं? सगळं लिहून घेतलं. म्हणाल्या, "चार हफ्ते से सब लोग झूठ बोल रहा था, मशीन खराब, पानी खराब. अब कम से कम मालूम है." मग त्याच पत्र्याचा कोपरा कापून पुन्हा तेजाबात घातला, मला बघू दिलं. पेन थोडं उठलं. पहिल्यासारखं नाही. मी विचारलं, होईल का? म्हणाल्या, पता नहीं, आणि पुढचा कोपरा कापायला घेतला.

संध्याकाळी मुनियप्पाच्या घरी गेलो. तो ओट्यावर बसला होता. मी बोललो. त्याने ऐकून घेतलं. शिवी दिली नाही. एवढंच म्हणाला, "उनतीस दिन मेरे घर में खाया रे तू." आणि आत गेला. दार लावलं नाही, पण मला आत जाता येईना.

आता तुझं बघू.

तीन वर्षांपूर्वी, सणाच्या आदल्या दिवशी, सकाळी मी थाळी घासून कपाटात ठेवली. तिच्या काठाला एक काळा डाग राहिला होता, मी म्हणालो, तो जुना आहे, निघत नाही. तू हसलास. "तुमचे रिठे आणि खडू. केमिस्ट्रीत याला एक मिनिट लागतं." दुपारी मी वाडीत पानं कापत होतो. बावखलाच्या काठाला केळींमागे तपकिरी धूर दिसला. मला वाटलं, आमचा सेमिनरीवाला चोरून विडी ओढतोय. म्हटलं, आज सापडला. जवळ आलो तर तू मातीच्या कुंड्यात वाकून बघत होतास, बाजूला कॉलेजात असताना आणून ठेवलेली बाटली, आणि तोंडाने "अरे देवा, अरे देवा" चाललेलं. तू थाळी चिमट्याने बाहेर काढलीस. पाठीवर एक नाव उरलं नव्हतं. सात घरं पुसली गेली होती. तू ती गोणपाटात गुंडाळलीस, दगड बांधलास आणि बावखलात सोडलीस.

हे तुला माहीत नव्हतं की मी बघत होतो. आता माहीत झालं.

संध्याकाळी देवळापुढे सगळे जमले तेव्हा तू पण होतास. फादरांनी विचारलं, कुणाला काही सांगायचंय का? तू खाली बघत होतास. सिप्रियनकाका म्हणाले, ज्याच्या हातात शेवटी होती त्यालाच विचारा. तू तेव्हाही खालीच बघत होतास.

तू चूक चांगल्यासाठीच केलीस. मी पण. म्हणून तुला चोर म्हणत नाही. पण तुझं पत्र पुन्हा वाच, चौथ्या पानावर आहे ते. दीक्षेला दोन महिने आहेत. बाबांना सांग, फादरांना सांग, सात घरांना सांग. मी कुणालाही लिहिणार नाही, थेरेसाला सुद्धा नाही. तूच बोलायचंस.

प्लासिड

सेलम
८ जानेवारी १९८४

हिलरी,

फादर हिलरी म्हणायला पाहिजे आता. जमत नाही.

दोन महिने मी वाट बघितली. तुझं काही आलं नाही. काल थेरेसाचं पत्र बंगलोरहून फिरत इथे पोचलं. मांडव मोठा होता म्हणते, बिशप आले होते, बँड होता. तुझी पहिली मिस्सा आपल्या देवळात झाली. प्रवचनात तू क्षमेवर बोललास, बायका रडल्या. माझं नावही घेतलंस, "माझा दूर असलेला भाऊ, त्याच्यासाठी प्रार्थना करा." आळीने केली असणार. मिस्सानंतर रीतीप्रमाणे लोक नव्या फादरांच्या हातांचं चुंबन घ्यायला ओळीने आले. सगळ्यात आधी बाबा. गुडघा दुखत असून खाली टेकले, आणि तुझे दोन्ही तळहात किती तरी वेळ तोंडाशी धरून होते. थेरेसा लिहिते, बाबांना इतकं भरून आलेलं मी कधी बघितलं नाही.

म्हणून आता शेवटचं सांगतो, जे मी तुला मागच्या पत्रातही लिहिलं नव्हतं. तुला वाचवायला नाही. मलाच लिहिताना लाज वाटत होती.

बाबांना माहीत आहे. पहिल्या दिवसापासून.

बावखलावरून मी सरळ त्यांच्याकडेच धावत गेलो होतो. देवळाच्या मागच्या खोलीत मेणबत्त्या लावत होते. मी सगळं सांगितलं, धूर, बाटली, गोणपाट. त्यांनी हातातली मेणबत्ती नीट बसवली. मग म्हणाले, "कुणाला बोललास?" मी म्हणालो, "नाही." त्यांनी दुसरी मेणबत्ती उचलली. मग म्हणाले, "हे कळलं तर त्याला सेमिनरीतून काढतील. आपल्या घरात तीन पिढ्यांत फादर झाला नाही, प्लासिड. तुझं काय जाणार आहे? तुला तसंही सगळे वाया गेलेलाच म्हणतात."

ते रागाने बोलले नाहीत. विनवून बोलले. माझ्या बापाने आयुष्यात माझ्याकडे पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं, आणि मी मूर्ख, मला बरं वाटलं. संध्याकाळी देवळापुढे त्यांनी सगळ्यांसमोर मला कानाखाली मारली तेव्हा सुद्धा मी मनात म्हणत होतो, हे आमचं दोघांचं आहे.

तेव्हा तुझे हात चुंबताना बाबांना माहीत होतं ते कुठले हात आहेत. त्यांना भरून आलं ते तू फादर झालास म्हणून, की आता कधीच कुणाला सांगावं लागणार नाही म्हणून, ते तूच त्यांना विचार. घरात आहेस. मी विचारू शकत नाही.

म्हणजे बघ, तू घाबरत होतास तेवढं काहीच नव्हतं. बाबांपासून लपवायचं नव्हतं, माझ्यापासून लपवायचं नव्हतं. आपण तिघंही एकमेकांना सांभाळत होतो आणि त्यात एकच माणूस घराबाहेर गेला.

मी इथे एका गॅरेजात लागलोय, मोटारींचे भाग रॉकेलने धुतो. चांदी नाही, त्यामुळे बरं आहे. गॅरेजातलं कुणी माझं आधीचं विचारत नाही. मुनियप्पाला दोन पत्रं टाकली, एका मुलाने कन्नडात लिहून दिली. उत्तर नाही. त्याने देऊही नये.

मी घरी येणार नाही. तू सात घरांना सांगणार नाहीस हेही मला कळून चुकलंय, इतके लोक हात चुंबून गेल्यावर कुठल्या तोंडाने सांगशील. ते मी मागत नाही आता. बाबा असेपर्यंत तर मुळीच नको.

फक्त ते कार्ड मी परत पाठवतोय, याच पाकिटात आहे. त्यावर तू मला क्षमा केली आहेस. तेवढं वाक्य खोडून दे. खाली दुसरं काही लिहिलं नाहीस तरी चालेल. खोडून याच पत्त्यावर परत टाक.

प्लासिड
मुरुगन मोटर वर्क्स, बस स्टँडमागे, सेलम